कार्डावरच्या दोन ओळी

हे मी आजवर कुणापुढंच बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं तर नाहीच. आता लिहायला बसते, उठते, चहा ठेवते, तो उतू जातो, पुन्हा येऊन बसते. तुम्ही ओळखीचे नाही तेच बरं. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं बघत हे सांगायची माझी छाती नाही.

मी लातुरात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. कूर्चेचा धडा आला की स्वतःच्या कानाची कड वाकवून दाखवते — बघा रे, इथं हाड नाही, म्हणून वाकतो. पोरं आपापले कान दुमडून बघतात, खिदळतात. आणि मी फळ्याकडं तोंड करून उगीच काहीतरी लिहीत राहते. का? सांगते. पण आधी मागचं सांगावं लागेल.

भूकंपाला सहा वर्षं झाली होती. मी बारावीला. घरात माझा लई थाट! सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. पोरगी डॉक्टर होणार म्हणून मला कुणी झाडू हातात धरू देत नव्हतं. सगळी कामं वहिनीवर. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. भूकंपात तिचे आई-बाप, भाऊ — सगळे गेले. उदगीरच्या मामानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि हात झटकले. म्हणजे तिच्या बाजूनं बोलायला माहेरचं कुणी नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण मी ते चांगलं ध्यानात ठेवलं होतं.

त्या आषाढात ग्रहण लागलं, ऊन उतरायच्या वेळी. वहिनीला चौथा महिना. चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, असं बजावून आई शेजारी जपाला जाऊन बसली. मी शिकवणीहून आले ती भुकेनं कावलेली. चूल बंद. म्हटलं, वहिनी, काकडी तरी चिरून दे. "ताई, गिराण हाय. सुटू द्या की." मी हसले. सायन्सची पोरगी ना मी! नुसती सावली पडते, त्यानं काय होतंय? तिनं मुकाट्यानं विळी घेतली, मीठ लावून फोडी दिल्या. मी खाल्ल्या.

यात माझं चुकलं का? नाही हो. ग्रहणानं काही होत नसतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मला ते पक्कं माहीत होतं — आणि तेच तर वाईट आहे.

थंडीत मुलगी झाली. ऋतुजा. डावा कान वरून दुमडलेला, कड पुढं येऊन पडलेली. आईनं दुपटं बाजूला केलं, बघितलं, आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो हा — "गिराणात काय चिरलंस गं?" वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, मी तर शिकवणीला होते. मग तिनं मान खाली घातली. "काकडी. मलाच खावी वाटली."

म्हणजे तिनं मला वाचवलं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मीच बाळ घेऊन बसले होते. वहिनीला झोप लागली होती. मुलांचे डॉक्टर आले — तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. मी सायन्सला आहे म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. त्यांनी बाळाचा कान बोटानं उलगडून दाखवला. आत्ता कूर्चा मऊ आहे, म्हणाले. आत मऊ नळी वाकवून बसवायची, वरून पट्ट्या लावायच्या, आठवड्याला एकदा बदलायला यायचं, महिना-दीड महिन्यात कान जागेवर. पण लगेच सुरू करायला हवं, बारशापर्यंतही थांबू नका. एकदा कूर्चा टणक झाली की मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. कार्डावर इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या. घरच्यांना समजावून सांग, म्हणाले.

दादा एसटीत होता, ड्यूटी संपवून संध्याकाळी आला. कार्ड हातात घेतलं. काय लिहिलंय गं? मी म्हणाले — डोस कधी द्यायचे ते.

हे आहे ते. हेच. इतकंच.

का म्हणाले असं? आठवड्याला एकदा वहिनीसोबत जाणार कोण? मी. माझ्या सराव परीक्षा चालू होत्या. शिवाय डॉक्टरांपुढं आईनं ग्रहणाचा विषय काढला असता, ते बोलले असते की हे ग्रहणाचं नाही, मग विषयातून विषय निघाला असता, वहिनीचं तोंड उघडलं असतं... मेली भीती तरी केवढी! फार तर आई दोन शब्द बोलली असती. बोलली असती तर बोलली असती.

बाराव्या दिवशी सोनार आला कान टोचायला. उजवा टोचला. डाव्याशी त्याचा हात थांबला. आई म्हणाली, तो राहू द्या. अजूनही वेळ होता. मी दारात उभी होते, हातात फिजिक्सच्या नोट्स. सोनार गेला आणि मी पेपरला गेले.

डॉक्टर तर मी झालेच नाही. मार्क कमी पडले.

त्यानंतरचं प्रत्येक ग्रहण वहिनीनं पाण्याचा घोट न घेता काढलं. पोरीची वेणी ती कान झाकूनच घालायची. शाळेत कुणीतरी चिडवलं म्हणून ऋतुजा एकदा घरी येऊन आईवर ओरडली — दहा वर्षांची असेल — तू कशाला खाल्लीस काकडी, तुला एवढं पण कळलं नाही का? मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. तपासतच राहिले.

ती बारावीला माझ्याच क्लासला होती. मेडिकलच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा, दोन्ही कान उघडे दिसणारा. स्टुडिओत तो माणूस म्हणत राहिला, केस मागं घ्या, अजून मागं. पोरगी घळाघळा रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, आत्या, मला हे नीट करून घ्यायचंय.

परीक्षा झाल्यावर आम्ही तिघी नांदेडला गेलो. तिथल्या सर्जननं कान तपासला, ऑपरेशन समजावलं. मग सहज बोलावं तसं म्हणाले, जन्मल्याबरोबर आणलं असतं तर नुसत्या पट्ट्यांवर भागलं असतं. तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

"न्हाई साहेब," वहिनी म्हणाली. "कुणी सांगितलं असतं तर पायी आले असते."

मी टेबलाकडं बघत होते.

ऋतुजा रक्त तपासायला आत गेली. आम्ही दोघी बाहेर पायऱ्यांवर बसलो. माझं तोंड उतरलेलं वहिनीला दिसलं असणार. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "ताई, त्या काकडीचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही लहान होता. मी तुमचं नाव कधी घेतलं न्हाई, पोरीपुढं बी घेणार न्हाई."

जे मी केलंच नव्हतं, त्याची तिनं मला माफी दिली. जे केलं होतं, ते सांगितलं असतं तर ऐकायला त्या पायऱ्यांवर तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, वेळही भरपूर होता. मी म्हणाले, वहिनी, चहा घ्यायचा का? आणि उठले.