ती यादी मीच टाकली होती

वाशिम जिल्ह्यातल्या एका शाळेत मी शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आज आठवीच्या वर्गात मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिलं: नाव, जन्मतारीख, फोन नंबर, आधार नंबर अनोळखी माणसाला द्यायचे नाहीत.

एक मुलगी उठली. "मॅडम, आमचं हे समदं तुमीच तं ग्रुपवर टाकलं व्हतं."

खरं होतं. आधारवरची माहिती शाळेच्या नोंदीशी जुळत नसलेल्या मुलांची यादी पालकांना कळवायची होती. घाईत मी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आम्ही सगळे शिक्षक असंच करतो. त्या ग्रुपवर अर्धं गाव आहे.

"तवापासून एक माणूस घरच्या फोनवर फोन करून राह्यला. माह्या वाढदिवसाले बी केला."

"घरी सांगितलंस?"

"सांगतलं. बाबा म्हणे, त्याले तुहा वाढदिवस कसा मालूम? तूच सांगतला असशीन. सोमवारपासून माही शाळा बंद."



शाळा सुटल्यावर ग्रुप उघडला. सगळ्यांच्या फोनमधून ते पान पुसायची मुदत कधीच संपली होती. तोच फोटो घेऊन तिच्या घरी गेले. चूक माझी आहे, पोलिसांत मी येते, म्हणाले.

बाबांनी फोटोत तिची जन्मतारीख शोधली. "मले पटलं, मॅडम. पन हिनंच त्याले सांगतलं, असा गावात बोभाटा झाला. आता गावाले कोन सांगन?"

गावाला सांगायचं, तर तिचं नाव मला पुन्हा त्याच ग्रुपवर टाकावं लागेल.

शिक्षकांनो, तुम्ही काय केलं असतं?