मावशीची जन्मतारीख

मुलांच्या मोबाईलवर सरकारने कडक कायदा करावा, असं मी आमच्या काळाचौकीच्या चाळीत कुणालाही तावातावाने सांगत असे. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. म्हणून पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा आधी वाटलं, कुणाच्या तरी पोरीला समज द्यायला मला बोलावताहेत. बोलावणं माझ्याच मुलीसाठी होतं.

चौदा वर्षांची माझी लेक आणि शेजारची तिच्याच वयाची मुलगी एका ताटात जेवून वाढल्या. शाळेच्या लेझीम पथकात त्या मुलीला पुढची रांग मिळाली, हिला मागची. एवढ्यावरून हिने तिच्या नावाने खोटं अकाउंट उघडलं, तिचा फोटो लावला आणि 'मी दुकानातून चोऱ्या करते' असलं काहीबाही रोज लिहिलं. ते शाळाभर फिरलं. त्या मुलीने शाळेत जाणंच सोडलं. तिच्या आईने तक्रार केली, आणि बरोबरच केलं.

ठाण्यात मुलांची प्रकरणं बघणाऱ्या पोलीस बाई साध्या कपड्यांत होत्या. आवाज न चढवता त्यांनी लेकीला विचारलं, "या अकाउंटवर तुझं वय बत्तीस कसं गं?"

"मावशीची जन्मतारीख टाकली," ती म्हणाली. "मम्मीनेच शिकवलेलं. माझं पहिलं अकाउंट तिनेच काढून दिलं ना, तेव्हा."

खरं होतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. गणपतीतला तिचा नाच गावच्या माणसांनी बघावा म्हणून मला कोण घाई! वय कमी म्हणून ॲप घेईना, तर मी धाकट्या बहिणीची तारीख ठोकून दिली. म्हणजे नियम होताच, आणि तो मी हसत हसत मोडला होता. दुसऱ्यांच्या पोरांना नावं ठेवताना हे मला एकदाही आठवलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

शेजारणीने प्रकरण वाढवलं नाही. मी लेकीला घेऊन माफी मागायला गेले. ती मुलगी दाराच्या आड उभी होती. केवढी वाळली होती. लेक रडत रडत सॉरी म्हणाली. त्या मुलीने ते ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "तू लावलास तो फोटो... तो तूच काढत होतीस म्हणून मी हसत होते ना गं त्यात?"

"हो," माझी लेक म्हणाली.