रुमालात बांधलेला पास आणि आमच्या घराचा पत्ता

तरुणपणी मी फार शहाणी होते. आता तेवढी राहिले नाही, म्हणून घरात सगळ्यांचं बरं चाललं आहे.

सगळे म्हणजे सध्या आम्ही दोघीच. मुलगा-सून नोकरीपायी चंद्रपूरला, आणि जरीपटक्याच्या या घरात मी नि माझी नात. ती हैदराबादच्या एका कंपनीत आहे, पण बसते इथेच, आमच्या हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर, कानात बोंडं खुपसून. कंपनीच्या मॅडमनी तिला उन्हाळ्यापुरती सूट दिली होती. नागपुरातून काम नीट जमलं तर राहा, नाही तर बॅग भरून हैदराबादला ये. मी वरवर म्हणायचे, "जा नं बाई, मले काय, मी एकटी राहीन." आणि संध्याकाळी तिच्या आवडीच्या वडाभाताची तयारी मांडायचे. याला लाच म्हणतात हे मला ठाऊक आहे.

तिचं काम मला आधी समजेचना. कितीतरी दवाखान्यांच्या तपासण्यांची माहिती एका ठिकाणी साठवलेली असते, त्याला डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहितीचं गोदाम, म्हणतात, आणि ते क्लाउडवर असतं म्हणे.

"म्हणजे वर?" मी छताकडे बोट दाखवलं.

"वर नाही वं आजी. दूर कुठेतरी मोठ्या मोठ्या मशिनी असतात, भाड्याच्या. आपण इथून इंटरनेटवरून आत जातो."

"आणि चोर?"

"तोही इंटरनेटवरूनच येते. म्हणून तर मी गेट लावून राहिली."

गेट म्हणजे असं. प्रत्येक इंटरनेट जोडणीला बाहेरच्या जगात आकड्यांचा एक पत्ता असतो. आतापर्यंत जगातल्या कुठल्याही पत्त्यावरून कुणीही येऊन या गोदामाचं दार वाजवू शकत होतं. पासवर्ड जुळला की आत. आता नात ठरवून देणार होती, की अमक्या अमक्या पत्त्यांवरून आलेल्यांनाच दारापर्यंत येऊ द्यायचं, बाकीच्यांनी रस्त्यावरूनच परत फिरायचं. चालणाऱ्या पत्त्यांमध्ये एक ऑफिसचा, आणि घरून काम करणाऱ्यांच्या घरांचे. आमच्याही घराचा.

"हे तर मी धंतोलीत केलं आहे," मी म्हटलं.

"हो आजी, हो," ती मान वर न करता म्हणाली. म्हाताऱ्या माणसानं चंद्रावर जाऊन आल्याचं सांगितलं तरी हल्लीची मुलं असंच म्हणतात.

ज्या दिवशी तिनं ते गेट लावलं, तो मे महिन्यातला दिवस होता. सकाळी सगळं झकास. ऑफिसातून लोक आत गेले, घरातून तीही गेली आणि बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्याला दारानं हाकलून दिलं. दुपारी चारला मॅडमना हे करून दाखवायचं होतं. "आजी, हे जमलं नं, तर मॅडमले इथून काम होते हे पटून जाईन," असं म्हणून ती आंघोळीला गेली.

आता नागपूरच्या मे महिन्यातली दुपार. खिडकीतला कूलर लावल्याशिवाय मला झोप येत नाही. त्याच्या नेहमीच्या भोकाचं बटण खराब झालेलं होतं, म्हणून मी बोर्डवरचा एक प्लग उपसला आणि तिथे कूलरचा खोचला. उपसलेला प्लग त्या इंटरनेटच्या लुकलुकणाऱ्या डबीचा होता. नंतर दिवे दिसेनात म्हणून तो शेजारच्या भोकात घातला, दिवे लुकलुकले, मी समाधानानं तिथल्याच पलंगावर आडवी झाले. किती वेळ गेला? कूलरच्या पंख्याला घों घों करायला लागतो तेवढा.

नात ओल्या केसांनी टेबलाशी बसली आणि किंचाळली.

"आजी! मले आत घेऊन नाही राहिलं! माझा पत्ता चालत नाही म्हणते!"

"तूच तर लिहिला होता."

"तेच तर म्हणते! सकाळी होता, आता दुसराच दाखवून राहिला!" मग तिची नजर कूलरवर गेली, बोर्डवर गेली, माझ्यावर आली. "आजी. डबी बंद केली होती?"

मी डोळे मिटून घेतले. झोपलेल्या बाईला कोण काय म्हणतं? पण हसू दाबता दाबता पोट हलायला लागलं, आणि पकडली गेले. डबी बंद करून चालू केली की बाहेरचा पत्ता बदलतो, हे मला कुठे ठाऊक! आणि ती स्वतःच लावलेल्या गेटाच्या बाहेर उभी, चारला दोन तास उरलेले.

तिचा चेहरा पाहून माझं हसू मात्र गेलं. ती रडवेली झाली होती. "ऑफिसमधून कोणीतरी गेट उघडून देईन, आजी, ते काही मोठं नाही. पण मॅडम म्हणतीन, पाहा, घरचं नेट असंच असते, ये आता हैदराबादले."

"मग गुपचूप करून घे नं. ऑफिसातल्या मैत्रिणीले फोन लाव, नवा पत्ता टाकायला सांग. मी कोणाले सांगत नाही."

"आणि उद्या तू पुन्हा कूलर लावशीन."

हे खरं होतं. मी उठून तिला ताक करून दिलं आणि म्हटलं, "ऐक, तुले एका फार शहाण्या बाईची गोष्ट सांगते. तेवढ्यानं तुझं तोंड तरी सरळ होईन."

ती शहाणी बाई म्हणजे मी, धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नवी नवी सिस्टर. टोपी अशी कडक, की मान हलवली तर मोडेल असं वाटायचं. विदर्भातल्या खेड्यांतून पेशंट यायचा तो एकटा कधीच नाही. सोबत काका, मावशा, शेजारी, गावचे सरपंच, आणि भाकरींची गाठोडी. वॉर्डात पाय ठेवायला जागा नसायची. तर मी डॉक्टरांना सांगून पास छापून घेतले. एका पेशंटमागे एक गुलाबी पास, तो दाखवेल तोच आत. गेटवर कामठीच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले एक काका बसायचे. त्यांना मी बजावलं, "काका, देव जरी आला तरी पास विचारायचा." कर्मचाऱ्यांनाही पास. नियम म्हणजे नियम. काय तो तोरा! आज ती पोरगी समोर आली तर मी तिची टोपी वाकडी करून ठेवीन.

चार दिवस वॉर्ड कसा शांत. पाचव्या दिवशी मी पर्स बदलली आणि पास घरी राहिला.

"सिस्टर, पास."

"काका, मीच तर छापून आणले हे पास!"

"आणले असतीन. दाखवा."

"अहो, तुम्ही मला ओळखत नाही का?"

"ओळखतो नं. पण तुमीच सांगतलं, देव आला तरी विचारा. तुमी का देवापेक्षा मोठ्या आहे का?"

मग मी गेटाबाहेर कडुनिंबाखाली उभी, त्याच नातेवाइकांत, ज्यांना मी बाहेर काढलं होतं. सगळे माझ्या टोपीकडे पाहत होते. शेवटी यवतमाळकडच्या एका बाईला माझी दया आली. "काहून वं सिस्टर, तुले बी नाही सोडत का तो? थांब. आमचा पास येऊनच राहिला." आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक रुमाल खाली पडला. गाठ सोडली तर आत मीच छापून घेतलेला गुलाबी पास! चारही दिवस हाच धंदा चालला होता. एक माणूस पास घेऊन वर जायचा, रुमालात बांधून खिडकीतून टाकायचा, की दुसरा वर. आख्खं गाव एका पासावर भेटून गेलं होतं, फक्त एकेक करून. त्याच पासावर मी माझ्या स्वतःच्या दवाखान्यात शिरले. काकांनी पास पाहिला आणि सलाम ठोकला.

नात खो खो हसली. मग एकदम माझ्याकडे वळली. "म्हणजे पास खरा, आणि माणूस कोणीही."

"कोणीही. मी म्हणजे फलाण्याची मावशी झाले होते त्या दिवशी."

तिनं ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि आमच्या गल्लीच्या नेटवाल्या भाऊला फोन लावला. "भैया, आमचा जो बाहेरचा पत्ता दिसते, तो आमच्या एकट्याच्या घराचा आहे का?"

"नाही ना मॅडम," पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं. "तुमच्या पूर्ण लाइनीले एकच राहते. आमच्याकडे असे चार-पाच आहे, डबी बंद-चालू केली की त्यातला कोणताही भेटते. एकट्याचा पाहिजे असंल तर वेगळा प्लॅन घ्या लागते."

तिनं कपाळावर हात मारला. म्हणजे सकाळी तिनं गोदामाच्या गेटवर सांगून ठेवलं होतं की ही पोरगी आली तर सोडा, आणि गेटवाला शेजारच्या किराणावाल्यापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांनाच सोडणार होता. पुढे पासवर्ड होता, फोनवर येणारा आकडाही होता, तेवढं बरं. पण गेट काही गेट नव्हतं.

मी म्हटलं, "आता तरी गुपचूप मैत्रिणीले..."

"नाही आजी. आता तर मॅडमलेच सांगते."

तिनं सरळ फोन केला.  हिंदीत, जराही न अडखळता तिनं सगळं सांगितलं. ती स्वतः गेटाबाहेर अडकली, अशी अडकली, आणि ती एकटीच नाही, घरून बसणाऱ्या सगळ्यांचे पत्ते असेच आहेत, ते काढून टाकू या. प्रत्येकानं आधी इंटरनेटवरच्या ऑफिसच्या खाजगी वाटेनं, स्वतःची ओळख पटवून, ऑफिसात यायचं आणि तिथून गोदामात. ऑफिसचा पत्ता बदलत नाही आणि तो दुसऱ्या कोणाचा नाही. शिवाय गेट बंद करणारीच कधी बाहेर राहिली, तर आतून उघडायला ऑफिसात दोघांकडे सोय ठेवायची. कूलरही तिनं लपवला नाही. मेलीनं आजीही लपवली नाही.

 मॅडम म्हणाल्या, चारपर्यंत करून दाखव.

त्या दोन तासांत मी कूलर बंद ठेवला. मे महिन्यात, नागपुरात! हातपंखा घेऊन पलंगावर बसून राहिले, आणि त्या बोर्डकडे नजरसुद्धा टाकली नाही. चारला मॅडम पडद्यावर आल्या. नातीनं डबी मुद्दाम स्वतः बंद केली, चालू केली, पत्ता बदलला, आणि ऑफिसच्या वाटेनं ती सरळ आत गेली. आमच्या घरून थेट जायला पाहिलं, तर दारानं हाकललं. आता आमच्याच घराला हाकललं म्हणून ती खूश!

मॅडम म्हणाल्या की रस्ता ऑफिसातूनच जाणार असेल, तर तू नागपुरात बस की आणखी कुठे, मला काय फरक पडतो. मी पंखा हलवायची थांबले.

मग त्यांना मागे पलंगावरची मी दिसले असेन, घामानं निथळलेली.

"ये आपकी दादी हैं? दादी, कूलर चला लो, अब कुछ नहीं होता!"

मी तत्काळ उठले आणि बोर्डकडे हात नेला.

"आजी! तो प्लग नको!" नात खुर्चीवरून उडाली, "मॅडम अजून बोलून राहिल्या!"

"ठाऊक आहे वं," मी म्हटलं, आणि हात तसाच वळवून टेबलावरचा तिच्या उरलेल्या ताकाचा ग्लास उचलला.