बटणातल्या पाचरी

भोसरीत खानावळ चालवणाऱ्या बाईला माणसं तोंडाआधी हातांवरून कळतात. ताट पुढे करताना कोण अंगठ्यानं काठ धरतो आणि कोण खालून तळहाताचा आधार देतो, एवढ्यावरून हा प्रेसवर होता की नाही ते मी सांगू शकते. खालून आधार देणाऱ्याची बोटं गेलेली असतात. त्याची आमटीची वाटी मी काठोकाठ भरत नाही. नवऱ्यामुळे लागलेली ही सवय आहे.

हे एका लहानशा कंपनीत पॉवर प्रेसवर होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथं ठोकून काढतात. साच्यात पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, वरून ठोका बसला की भाग बाहेर काढायचा आणि पुन्हा पत्रा. दोन बटणं अशासाठी, की ठोका बसताना दोन्ही हात बाहेरच असावेत. ज्यानं हे शोधून काढलं तो शहाणा माणूस असणार, पण त्याला दिवसाचं टार्गेट कुणी दिलं नसणार. यांच्या कंपनीत रीत अशी होती, की नवा माणूस आला की जुना त्याला पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याची घडी करून एका बटणात पाचर कशी ठोकायची ते शिकवायचा. एक बटण कायमचं दाबलेलं राहिलं की एक हात मोकळा होतो आणि काम भराभर उरकतं. सुपरवायझरला सगळं दिसायचं आणि काहीच दिसायचं नाही.

यांच्या डाव्या हाताची तीन बोटं त्या मोकळ्या हातापायीच गेली.

शेठ दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले. तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. ठेकेदाराच्या माणसांतून काढून यांना कंपनीत परमनंट केलं. चाळीतले लोक भेटायला आले. आधी हाताची चौकशी झाली, मग नोकरीची. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, वाईटातून चांगलं झालं बघा. भाऊ पक्के झाले." मी त्यांना चहा दिला. त्यात साखरेऐवजी मीठ घालायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

यांना गेटवर खुर्ची मिळाली. टेम्पो आला की दांडा वर करायचा, गेला की खाली. बसून पगार, सावली, डोक्यावर पंखा. सुख सुख म्हणतात ते हेच, असं मी मनाशी धरून चालले होते. पण माणूस दिवसेंदिवस आंबत चालला. जेवताना बोलायचे नाहीत, आणि बोलले तर भाजीत खोट काढायचे. तिथं कुत्रं बांधलं असतं तरी काम भागलं असतं, असं एकदा म्हणाले. मग एके दिवशी घरी येऊन सांगितलं, की शेठकडे परत प्रेसवर घ्या म्हणून मागणी केली आहे.

डोकं ठिकाणावर आहे का, असं मी विचारलं. त्या मशीननं बोटं खाल्ली, आता काय हात नेऊन द्यायचाय? बरेच दिवस मी अबोला धरला. मग एकदा भाकऱ्या थापताना माझ्या पाठीशी येऊन ते म्हणाले, "गेट काय, मी नसलो तरी उघडतंयच की. तितं माजं काय काम न्हाई. बिनकामाचं बसून खायाला मला जमायचं न्हाई बग."

असली कामं माणसं का करतात, असं कुणी विचारलं की आपण पोटावर हात ठेवतो. ते खोटं नाही. माझ्या खानावळीतला प्रत्येक जण पोटासाठीच घर सोडून आलाय. पण यांचा पगार गेटवर जेवढा होता तेवढाच प्रेसवर मिळणार होता, आणि तरी ते आत गेले. तेव्हापासून मी ते एका शब्दाचं उत्तर देत नाही.

शेठनं यांना नव्या माणसांना काम शिकवायला ठेवलं. शिफ्ट सुरू झाली की हे एकेका मशीनपाशी जाऊन बटणातल्या पाचरी उपटून काढायचे. धुण्याला शर्ट घेतला की खिशात माझ्या हाती त्याच लागायच्या. तेलकट पुठ्ठे, लाकडाच्या चिपा, एकदा तर चपलेच्या तळाचा तुकडा. पाचर काढताना कोण कसा तोंड लपवतो, कोण मामा-मामा करून गळ घालतो, याच्या गमती ते मला रंगवून सांगायचे. दोन भाकऱ्या जास्त खायचे. कामावर जाताना या माणसाची चाल एवढी झपाझप मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

पण टार्गेट मागे पडायला लागलं. ठेकेदाराच्या माणसांना काही महिन्यांनी ब्रेक देऊन घरी पाठवतात. टार्गेट न देणाऱ्याचा ब्रेक आधी येतो, आणि तो परत येईस्तोवर त्याच्या मशीनवर दुसरा उभा असतो. त्यामुळे हे पाठमोरे झाले की पाचरी पुन्हा बटणात जायच्या. कंपनीतली जी पोरं आमच्याकडे जेवायची, ती यांच्या शेजारचा पाट टाळायला लागली.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. अशाच एका गुरुवारी दुपारी मटण केलं होतं आणि खोली भरली होती. त्यांत जालन्याकडचा एक जण होता. बायको आणि दोन लेकरं गावी, स्वभाव गरीब, जेवण झालं की स्वतःचं ताट घासून ठेवणारा. यांनी कशावरून तरी पाचरीचा विषय काढला, तसा तो खाली मान घालून बोलायला लागला.

"काका, राग मानू नका. तुमची तीन बोटं गेली अन् तुम्ही पक्के झालात. आम्ही पाचर काढली तर ब्रेक. ठेवली तर लई झालं तर तुमच्यासारखं होईल. मग आमचं काय चुकायलंय?"

तू चुकतोस, असं कुणी म्हणालं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. हे आता भडकणार असं वाटून मी रस्सा वाढायची थांबले. यांनी डावा हात मांडीखाली घेतला, उरलेला भात संपवला आणि उठले.

पुढचे काही दिवस ते कंपनीत गेलेच नाहीत. मग एक दिवस सकाळी गेले आणि राजीनामा देऊन आले. मला नंतर सांगितलं. मी चाळ गोळा होईल एवढी ओरडले. तीन बोटं मोजून घेतलेली नोकरी अशी फेकून देतात का? म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायचं? त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"मला बगून त्यांची भीती जाती," ते म्हणाले. "मी तितं हाय तवर ते पाचर काढायचे न्हाईत."

"आणि तुम्ही गेल्यावर काढणार आहेत?"

"न्हाई. पर माज्याकडं बोट करून तरी कोण पाचर मारनार न्हाई."

आता ते माझ्याबरोबर खानावळीत असतात. चाकणच्या बाजारातून कांद्याची गोणी आणतात आणि तळहाताखाली कांदा दाबून चिरतात. चिरताना अधूनमधून कंपनीच्या दिशेला बघतात. त्या खिडकीतून कंपनी दिसत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि ते चुकले असंही मला म्हणता येत नाही. मी रोज भाकऱ्या थापते, त्या खाऊन ही माणसं त्याच मशीनवर जातात. माझ्या कामाला काय नाव द्यायचं, तेही मला कळत नाही.

राजीनाम्यानंतरच्या गुरुवारी सगळे जेवायला आले. यांनी नोकरी सोडल्याचं त्यांना कळलं होतं. यांना वाटत होतं, निदान एक जण तरी का सोडली म्हणून विचारील. ते भाकरीची टोपली घेऊन पंगतीतून फिरत होते, तेव्हा जालन्याच्या त्या माणसानं वर बघितलं आणि अगदी आदरानं, हळू आवाजात विचारलं,

"काका, मग तुमची ती परमनंटची जागा आता कुणाला देणार?"