टाकीत बुडवलेला पाइप

सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला पायलट म्हणायची, आणि त्यात टिंगल आहे हे एकट्या पायलटलाच कळत नसे. बायकोला चांगलं कळायचं. ती पावाच्या कारखान्यात भट्टीवर होती. पिठाला हात लावून ते किती फुगेल हे सांगायची. नवऱ्यात नुसती हवाच आहे, हे ओळखायलाही तिला फार वेळ लागला नव्हता.

त्याची गाडी म्हणजे दुसऱ्याने दामटून टाकून दिलेली टर्बोची जुनी स्पोर्ट्स कार. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्याला पेट्रोल जास्त पोचलं पाहिजे, एवढं ज्ञान स्वारीने व्हिडिओ बघून मिळवलं होतं. खिशात दमडी नाही, म्हणून भंगारातून मोठा पंप आणला, कुठल्याशा ठोकलेल्या गाडीचे, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणले आणि ते घासायला हिचा स्वयंपाकघरातला ब्रश घेतला. उरला टाकीच्या आत पंपाला जोडायचा वीतभर पाइप. त्याची किंमत ऐकल्यावर मात्र पायलटला काटकसर आठवली. दारांवर मोठमोठे स्टिकर मात्र त्याच आठवड्यात लागले.

पाइप त्याने बायकोच्या स्कूटरचा, पेट्रोलचा, काढला. तिने तो नुकताच नवा बसवून घेतला होता. वर हा पराक्रम दाखवायला त्याने कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं.

"हा पाइप आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही," मिस्त्री म्हणाला. "टाकीत बुडून राहिला की फुगेल, मऊ पडेल आणि सुटेल. टाकीतला वेगळा मिळतो."

"पाइपला काय कळतंय, पेट्रोल आत आहे का बाहेर?" पायलट हसत म्हणाला.

तिने दिलेला चहा संपवून मिस्त्री निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची त्याला हौस नव्हती.

स्कूटर जिन्याखाली पडून राहिली. नवा पाइप उद्या आणतो, असं पायलट रोज सांगे. तो तिलाही आणता आला असता. पण ज्याने काढला त्यानेच आणावा, असा तिचा हट्ट होता, आणि तोवर ती बसने जात होती. हाच हट्ट पुढे तिला नडला. कारण एका संध्याकाळी अचानक तिला दुसऱ्या दिवसापासून पहाटपाळीची मुकादम केलं, आणि त्या वेळी बस नसते. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर जागा दुसरीला जाईल, असं मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं. इतकी वर्षं भट्टीपुढे भाजून घेतल्यावर ही जागा मिळाली होती, आणि ती तिला हवी होती.

"मी सोडतो ना," पायलट म्हणाला. "गाडी कशी पळते ते तरी बघ." तोवर दुकानं बंद झाली होती. तिने मान डोलावली.

पहाटे पुलाच्या चढावर त्याने विनाकारण गाडी दामटली. गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

"पाइप," ती म्हणाली.

फिल्टर असेल, असं म्हणत तो बॉनेट उघडून आत वाकला. सवयीने ती सरकून स्टीअरिंगमागे बसली. तो फिरव म्हणाला की ती चावी फिरवायची. मागे टाकीत पंप नुसताच घूं घूं करायचा आणि इंजिन काही उठायचं नाही. आजवर तिने हेच केलं होतं: टॉर्च धरायचा, पाना द्यायचा आणि वर वा म्हणायचं. रागाची वेळ केव्हाच गेली होती. बॉनेटखालून डोकावणारं ते ढुंगण बघून तिला नुसती किळस आली.

मागून कारखान्याची रिकामी व्हॅन आली. तिने उतरून हात केला, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. व्हॅन निघाली तेव्हा बॉनेटमधून आवाज येत होता, "अगं, फिरव की."

कारखान्याचं फाटक उघडताना ती तिथे होती. अ‍ॅप्रन घालायला मूठ उघडली तर आत गाडीची चावी. तेवढ्यात फोन वाजला. अर्थातच पायलट. चावी तिच्याकडे राहिलीय, आता त्याने काय करायचं, वगैरे.

"स्कूटरचा पाइप घेऊन ये," ती म्हणाली, "आणि चावी घेऊन जा."

फोन ठेवून तिने चावी खिशात टाकली आणि पहिली भट्टी पेटवायला सांगितली.