पारूचं कालचं प्रोटीन

आता काय सांगू तुम्हाला! सत्तर वर्षं मी गावाच्या टोप्या उडवल्या, पण जालन्याच्या दवाखान्यात माझं जे हसं झालं ना, ते ऐकून चहा नाकात जाईल. आधी कप खाली ठेवा. ठेवला? ऐका मंग.

आमची पारू, म्हणजे आमची मंडळी, दोन महिने पोटानं हैराण होती. खाल्लं की कळ, अन् कळ आली की धावपळ. बाई निम्मी झाली. मी रोज चिडवायचो, "वारा सुटलाय गं, दाराला धरून बस!" पण खरं सांगू? तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना दिसल्या, की माझ्या घशाखाली भाकर उतरत नव्हती.

आमच्या धावडा गावाहून एसटीनं जालन्याला गेलो. डॉक्टर पोरसवदा, गोड बोलणारा. पोट दाबून म्हणाला, "आजी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं. आतड्याला सूज असली की ते वाढतं. तपासू या. कमी निघालं तर गोळ्यांवर भागेल. जास्त निघालं तर नळी घालून आतून बघावं लागेल."

नळी म्हटल्याबरोबर पारूनं माझा हात धरला. लग्नात धरला नव्हता इतका घट्ट!

"कॅलप्रोटेक्टिन म्हणतात त्याला," असं म्हणून डॉक्टरनं माझ्या हातात इवलीशी डबी ठेवली. "उद्या सकाळी यात नमुना आणा. समजलं ना, आजोबा?"

"बराबर समजलं!" चौथी पास माणूस मी, न समजायला काय झालं?

एसटीत पारू हळूच म्हणाली, "आवं, पर डबीत घालायचं काय?"

"साहेब म्हणले न्हाई का? काल-प्रोटीन! म्हंजे कालचं प्रोटीन. अंगणवाडीची ताई काय सांगती, प्रोटीन कशात असतंय?"

"डाळीत."

"मंग! आज वरण कर. उद्या ते कालचं हुईल."

सांगा, आहे का यात काही खोट?

"पर साहेब पांढरं म्हणले व्हते. अंड्यातलं तर न्हाई?"

"तू कधी अंडं खातीस का? मंग तुझ्यात अंड्याचं येणार कुठून?"

सकाळी पारूनं डबी भरली. "एवढुशानं साहेबाचं भागंल का? वरून कोथिंबीर टाकू?"

"बिलकुल न्हाई! तपासणी हाय, पंगत न्हाई."

लॅबमधल्या ताईनं हातमोजे घातले, डबी दोन बोटांत धरली अन् कागद पुढं ओढला.

"आजी, रंग रोज असाच असतो?"

"रोज."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. सकाळी अन् सांजच्याला."

"असंच पातळ?"

"ह्यांना पातळच आवडतंय."

ताईचा पेन थांबला. "ह्यांना?"

मला राहवलं नाही. "दोन वाट्या तर मी नुसत्याच पितो, ताई! नातवंडं बोटं चाटतेत!"

ताई खुर्चीसकट मागं सरकली. मंग नाकाला रुमाल लावून तिनं भीत भीत झाकण उघडलं. रुमाल खाली आला. "आजोबा... यात कढीपत्ता आहे!"

"असणारच! फोडणी दिलीया."

मंग तिनं माझ्या कानात सांगितलं, डबीत नेमकं काय आणायचं होतं ते. बाकावरचे पेशंट पोट धरून हसू लागले. पारूनं पदर तोंडावर ओढला. आतून आवाज आला, "मला वाटलंच व्हतं. पर चौथी पासापुढं बोलावं कुणी?"

दुसऱ्या दिवशी खरा नमुना दिला. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. त्या चार दिवसांत मी गावात एकाचीही थट्टा केली नाही. लोक पारूची सोडून माझीच तब्येत विचारून राह्यले होते!

रिपोर्टच्या दिवशी मी पाणी आणायला गेल्तो. परत येतो तर पारू डॉक्टरच्या खोलीबाहेर उभी, चेहरा उतरलेला.

"नळी म्हणले," ती पुटपुटली.

माझ्या हातातली बाटली सुटली. मी तडक आत घुसलो. "साहेब, हिला हात लावू नका! पन्नास वर्षं झाली, हिनं मला ताटात गार भाकर वाढली न्हाई. ही गेली तर मी चेष्टा कुणाची करू? टाकायची तर माझ्यात टाका नळी!" अन् रडलो हो. चांगला हुंदके देऊन रडलो, दार सताड उघडं, बाहेरच्या सगळ्या पेशंटांसमोर.

डॉक्टरनं माझ्या मागं उभ्या पारूकडं पाहिलं. मंग शांतपणे म्हणाला, "बरं, झोपा त्या टेबलावर. फक्त एक आहे, आजोबा. नळी तोंडातून नाही जात. खालून जाते."

मी टेबलाकडं पाहिलं. पारूकडं पाहिलं. डोळे पुसले.

"साहेब," मी म्हणालो, "आमची ही तशी लई खंबीर हाय बघा."

अन् पारू अशी हसली, अशी हसली, की भिंतीला टेकून खालीच बसली! रिपोर्ट चांगला होता हो! प्रोटीन हद्दीच्या आत, नळीचं कामच नव्हतं. उभ्या जन्मात तिनं केलेली ही पहिली थट्टा, अन् तीही माझीच.

आता बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्यात तिच्या. पण पारावर कुणी मला विचारलं ना, "आबा, बायकोसाठी काय काय करशील?" तर जाता जाता हीच सांगून जाते :

"समदं करतेत. फक्त वरून असंल तर!"