नटीच्या मागची बाई

त्या काळी त्या नटीवर सगळा महाराष्ट्र जीव टाकत होता आणि मला ती डोळ्यांसमोर नको असायची. कारण सांगितलं की लोक हसायचे. ती माझ्या आईच्या आड यायची.

कृष्णाकाठी, कराडच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मी जन्मायच्या आधी काही महिने कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी गावात उतरली होती. आमचा दगडी घाट त्यांना पसंत पडला होता. प्रसंग साधाच. नायिका कळशी घेऊन पायऱ्या उतरते, नावेतून नायक काहीतरी बोलतो, ती हसते आणि घाटावरच्या बायका वळून बघतात. गावातल्या बायकांना सांगितलं होतं, तुम्ही रोजच्यासारखं धुणं धुवा, बाकी काही करायचं नाही. त्या दिवशी आई धुणं घेऊन घाटावर गेली होती. मी तिच्या पोटात होते आणि चार वर्षांची आक्का तिच्यासोबत होती. आक्काला त्या दिवसातलं एवढंच आठवायचं, की माणसं चकचकीत पत्रे उन्हात धरून उभी होती आणि डोळे दिपत होते.

मी तान्ही असतानाच आई विषमज्वरानं गेली. आबा, आमचे वडील, पलटणीत होते, लांब सरहद्दीवर. तार मिळून ते घरी पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. आईचा फोटो नव्हता. आमच्याकडं तेव्हा लग्नात फोटो काढत नसत आणि पुढं आबांच्या रजेच्या दिवसांत कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही. तेव्हा आईचं डोळ्यांना दिसेल असं जे काही या जगात उरलं होतं, ते त्या सिनेमात होतं. मिनिटभरसुद्धा नाही.

तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला औंधला, यमाईच्या जत्रेत, तंबूमध्ये. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोर. मी नुकती शाळेत जायला लागले होते. घाट आला तशी आक्कानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "ती बघ," म्हणाली, "आई." पडद्याच्या डाव्या अंगाला एक बाई उभी होती. हातात लुगड्याचा पिळा, डोक्यावर पदर नाही. ती नटीकडं बघून खळखळून हसली आणि ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. तेवढ्यात नटी कळशी सावरत मध्ये आली आणि आई दिसेनाशी झाली. "बाजूला हो की ग!" असं मी मोठ्यानं ओरडले. सगळ्या बायका हसल्या.

बाहेर आल्यावर आक्कानं रजेवर आलेल्या आबांना विचारलं, "डाव्या अंगाची आईच न्हवं का, आबा?"

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी रडून डोळे सुजवून घेतले होते.

"व्हय," ते म्हणाले. "तीच."

झालं. तेव्हापासून मला आई होती. वाढवलं आत्यानं, पण घडवलं त्या बाईनं. ज्या गावात सासऱ्याच्या सावलीलाही सुना पदर ओढून घ्यायच्या, त्या गावात भर घाटावर उघड्या डोक्यानं हसणारी बाई! मी उलटून बोलले की आत्या कपाळावर हात मारायची, "कुनावर गेलीया ही भवानी!" आणि मी छाती काढून सांगायची, "आईवर." केससुद्धा मी तसेच मागं सारायची. आक्काचा स्वभाव वेगळा. ती मऊ. तिला नटी हवी असायची, नटीच्या पफबाह्यांचं पोलकं, तिचं मान वेळावणं. मला तिच्या मागची बाई पुरेशी होती.

सत्तर साल उलटलं तेव्हा मी सांगलीत प्राथमिक शाळेवर मास्तरीण होते. हळदीच्या पेठेमागं खोली होती, चादर झटकली तरी पिवळी धूळ उडायची. आक्का तासगावला द्राक्षबागवाल्यांच्या घरात दिली होती. आबा पेन्शन घेऊन गावी. रंगीत, मारामारीच्या सिनेमांना तेव्हा नुसती झुंबड उडायची आणि आमच्या काळ्यापांढऱ्या सिनेमांना मॅटिनीची वेळ मिळायची, तीही आठवड्यापुरती. टॉकीजबाहेर तो जुना कागद चिकटलेला दिसला की मी एसटीच्या ड्रायव्हरकडं गावी निरोप धाडायची. आबा लष्करी कोट घालून पहिल्या गाडीनं हजर. साताऱ्याला लागला तर आम्ही तिकडं जायचो. आक्काला संसारातून सवड कमीच मिळायची, तिला मी मागाहून सगळं सांगायची.

इतक्यांदा बघून बघून मला बाकीचा सिनेमाही दिसायला लागला. खोटं कशाला बोलू, तसले सिनेमे पुन्हा झाले नाहीत. कंदिलाच्या उजेडात अर्धं तोंड अंधारात ठेवून ती नटी नुसती गप्प बसायची आणि मागच्या बाकावरचे म्हातारे नाक ओढायचे. नायकाला नीट नाचता यायचं नाही, धावताना धोतर सावरावं लागायचं, पण तो 'येतो' म्हणाला की खरंच कुणीतरी घर सोडून चाललंय असं वाटायचं. फिल्मवर ओरखड्यांचा पाऊस पडायचा. आवाज मध्येच तळघरात गेल्यासारखा व्हायचा. तरी लोक पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचे. आबा मात्र काही पुटपुटायचे नाहीत. परेडला असल्यासारखे ताठ बसायचे आणि घाट आला की किंचित पुढं झुकायचे. मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच बाईकडं बघतोय.

मधल्या काळात ती नटी एका नव्या रंगीत सिनेमात दिसली. पांढरा टोप, नाकावर चष्मा, नायकाची आई. शाळेतल्या बाया "किती सुटली ग ही" म्हणून हसत होत्या आणि मला हुंदका आवरेना. आयुष्यभर जिचा राग केला, तिच्यासाठी रडत होते की काय, माझं मलाच कळेना. ती म्हातारी होत होती आणि माझी आई अजून घाटावर केस मागं सारत हसत होती. मी तोवर आईपेक्षा वयानं मोठी झाले होते.

मग तो उन्हाळा आला. सांगलीत सिनेमा पुन्हा लागला आणि आबा आले. यंदाची प्रिंट पार मोडीत काढण्याजोगी होती. सुरुवातीलाच दोनदा तुटली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. घाट आला. नटी वरच्या पायरीवर दिसली, पडदा खडखडला आणि पुढच्याच क्षणी ती खाली पाण्यापाशी होती. मधलं सगळं गेलं. हसणं नाही, पिळा नाही, आई नाही.

मी उठून थेट ऑपरेटरच्या खोलीवर गेले आणि दार बडवलं. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "बाई, मी न्हाई कापली. फिल्म तुटली की ज्येला त्येला जोडावी लागत्या. दर जोडाला थोडी जात्या." मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. माझी आई दे म्हणून एक शिकलेली मास्तरीण टॉकीजच्या जिन्यात रडत होती, एवढं पुरे. शेवटी आबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

आम्ही चालत नदीवर गेलो. आपल्याच कृष्णेचा घाट, फक्त गाव वेगळं. उन्हं कलली होती आणि बायका धुणं आपटत होत्या. माझं रडं थांबत नाही असं बघून आबा म्हणाले, "नगं रडू पोरी. तुजी आई गेली न्हाई त्यातनं. हाय आजून."

"कुठं हाय? आख्खा तुकडा गेला की!"

"डाव्या अंगाची ती बाई कंपनीची. कोल्हापुरास्नं आनल्याली. आपल्या गावची सून उघड्या डोसक्यानं शिनेमावाल्यांम्होरं हुबी ऱ्हाईल व्हय?" ते नदीकडं बघत बोलत होते. "उजव्या कोपऱ्यात, पान्याजवळच्या पायरीवर एक बाई बसल्याली दिसती. पाठमोरी. पदर घेतल्याली. तिला दिस गेल्यालं, वाकता येत नव्हतं, म्हनून बसून धुती. समद्या वळून बगत्यात, ती वळत न्हाई. ती तुजी आई."

मला ती बाई आठवली. प्रत्येक वेळी होती तिथं. मी तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं.

"तुमी तर तिथं नव्हतासा. कशावरनं म्हंता?"

"आगं, घरात थोरली मानसं. दिवसाउजेडी तिनं मला कवा त्वांड दावलं न्हाई. रजेवर आलो की मी सोप्यात बसायचो आन ती आत चुलीपाशी, माज्याकडं पाठ करून. मी तिची पाठच बगितली जल्मभर. ती वळखनार न्हाई व्हय?"

"मग त्या दिशी 'व्हय' का म्हनलासा?" मी अक्षरशः खेकसले.

आबा पायरीवर टेकले. "थोरली लय हरकली हुती. आन तुला तर आईचं त्वांड म्हंजी काय त्ये ठावंच नव्हतं. पोरींला पाठ कशी दावायची? म्हनलं, आसू दे. त्वांड तर मिळालं." मग एकदम घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आन आता मलाबी तिचं त्वांड आठवत न्हाई. डोळं मिटलं की त्या कंपनीच्या बाईचंच येतं."

पलटणीतल्या त्या माणसाला मी पहिल्यांदा रडताना बघितलं. त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझं काळीजच फाटलं होतं. आई आधी गेली तेव्हा मला कळत नव्हतं, यावेळी कळत होतं. ते हसणं, ते धीट असणं, कुणा परक्या बाईचं होतं. रोजावर आणलेल्या, नाव नसलेल्या. मग मी कुणावर गेले होते? खोलीवर आल्यावर आरशासमोर हात आपोआप केसांकडं गेला आणि तसाच थांबला.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. एसटीत चढताना म्हणाले, "थोरलीला नगं सांगूस." पुढच्या थंडीत ते गेले. तोवर तो सिनेमा कुठंच लागला नाही. आबांच्या शेजारी बसून एकदा तरी त्या पाठीकडं बघायचं होतं मला. ते राहून गेलं, ते आजही सलतं.

नंतर दोनेक वर्षांनी आक्काचा निरोप आला. तासगावला तंबू आलाय, आपला सिनेमा आहे, ये. बेदाण्याचे दिवस संपले होते, घरभर अजून त्याचा गोड वास होता. आक्कानं सकाळपासून लेकीच्या डोक्याशी खेळ मांडला होता. तिचे केस कपाळावरून मागं सारून बसवत होती. "आज्जीगत," मला म्हणाली. आबांचा शब्द होताच, पण तो नसता तरी त्या वेळी माझ्या तोंडून काही निघालं नसतं.

तंबूतला पहिला खेळ. पोर आमच्या दोघींच्या मध्ये. ही प्रिंट कुठून कोण जाणे चांगली होती, घाटाचा तुकडा अख्खा होता. नटी पायऱ्या उतरू लागली. आक्का पुढं झुकली. "ती बघ बाळा, डाव्या अंगाला. हसत्या बघ. तुजी आज्जी."

मी उजवीकडं बघत होते. शेवटच्या पायरीवर ती बसली होती, सगळ्यांकडं पाठ करून. साधं सुती लुगडं, रुंद पाठ, पाण्यात कपडा हलवणारे हात. नटी हसली, सगळ्या बायका वळल्या. ती थांबली. हातातला कपडा तसाच राहिला. मला वाटलं, आता वळेल. एवढ्या वर्षांत एकदा तरी, आई. ओला हात मागं आला, खांद्यावर घसरलेला पदर तिनं पुन्हा डोक्यावर ओढून घेतला आणि ती धुणं धुऊ लागली. त्या पाठीपलीकडं, तिच्या पोटात, मी होते. आम्हा दोघींपैकी एकीचंही तोंड कुणाला दिसलं नाही.

"मावशी," भाची माझा हात ओढत होती. तिला दोघींकडून ऐकायचं होतं. "हसत्या ती आज्जी न्हवं?"

अंधारात आक्काचा चेहरा उजळला होता. इतक्या सुखात मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "तीच."